शपथ नको, आकडा सांगा: दारूच्या कबुलीपासून सोबर राहण्याच्या पहिल्या वर्षापर्यंत

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म तिसऱ्यांदा माझ्याकडे सरकवला. "सही जुळत नाही हो." सकाळचे साडेदहा झाले होते. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून मी परत सही केली. पहिल्या अक्षराची वेलांटी घसरत खालच्या ओळीत गेली. "शुगर कमी झाली असेल," असं पुटपुटत मी बाहेर पडलो, घरी आलो, दोन पेग घेतले आणि त्याच फॉर्मवर एका फटक्यात सही केली. अगदी जुळणारी. शाई वाळेपर्यंत मी त्या सहीकडे बघत बसलो होतो. माझा हात कशानं स्थिर होतो, ते त्या कागदावर लिहिलेलं होतं.

त्यानंतरही मी दोन वर्षं प्यायलो.

आता दारू सोडून अकरा वर्षं झाली. या काळात सोडू पाहणाऱ्या पुष्कळ जणांशी बोललो आणि एक गोष्ट जवळपास प्रत्येकात दिसली. घरच्यांनी त्यांच्या तोंडून शंभर वेळा माफी ऐकलेली असते. पण किती पितो, कधीपासून पितो, बाटली कुठे लपवतो, हे एकदाही ऐकलेलं नसतं. माझंही तसंच होतं. "चुकलो, परत नाही पिणार" या वाक्यात माहिती काहीच नसते. ते म्हणून टाकलं की मन हलकं होतं, आणि हलक्या मनानं संध्याकाळी पुन्हा बसता येतं. म्हणून या लेखात कबुली हा शब्द मी एकाच अर्थानं वापरणार आहे: खरी माहिती दुसऱ्या माणसाच्या हातात देणं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आधी मोजा

"मी दारुडा आहे का?" हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्यावर मन वर्षानुवर्षं वकिली करतं. नोकरी शाबूत आहे, रस्त्यावर कधी पडलो नाही, अमका तर माझ्या दुप्पट पितो. आकड्यांपुढे ही वकिली चालत नाही.

सात दिवस एक छोटी वही खिशात ठेवा. ग्लासात ओतण्याआधी लिहायचं: वेळ, किती मिली, सोबत कोण, त्या क्षणी मनात काय होतं. "सकाळी उठून लिहीन" म्हणाल तर तिसऱ्या ग्लासानंतरचं काही आठवणार नाही. ओतताना मापाचा ग्लास वापरा. अंदाजे ओतलेला पेग साठ मिलीचा नसतो, हे मोजल्यावरच कळतं.

मग हिशेब करा. मिली गुणिले बाटलीवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९. उत्तर येतं ते शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये. ४० टक्क्यांची ६० मिली व्हिस्की म्हणजे सुमारे १९ ग्रॅम. ५ टक्क्यांची ३३० मिली बिअर म्हणजे १३ ग्रॅम. १८० मिली व्हिस्की म्हणजे ५७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' या प्रश्नावलीत १० ग्रॅम म्हणजे एक ड्रिंक धरतात. म्हणजे आपण ज्याला एक मोठा पेग म्हणतो, ते तिथे जवळजवळ दोन होतात.

ही प्रश्नावली जरूर सोडवा. दहाच प्रश्न आहेत, गुण ० ते ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या हद्दीत गेलंय असं समजतात, आणि वीस किंवा जास्त आले तर शरीर-मन दारूवर अवलंबून असण्याची शक्यता मोठी असते, नीट तपासणी करून घ्यावी लागते. त्याहून लहान 'केज' नावाची चाचणी आहे, १९८४ साली ती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तिच्यात चारच प्रश्न. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं तर राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर, हात स्थिर व्हावा किंवा हँगओव्हर जावा म्हणून प्यायलात का? दोन 'हो' आले तरी डॉक्टर सावध होतात. यातला चौथा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो. आपल्याकडे त्याला 'उतारा' असा सौम्य शब्द आहे, औषधाचा भास होणारा. सकाळचा उतारा लागत असेल तर पुढचा भाग दोनदा वाचा.

एकदम तोडण्याआधी शरीराचं ऐका

दारूबद्दलची सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट ही: रोज भरपूर पिणाऱ्यानं ती एका झटक्यात बंद केली तर जीव जाऊ शकतो. निर्धाराच्या भरात बाटली मोरीत ओतून खोलीचं दार लावून घेणं शूरपणाचं वाटतं, पण ते धोक्याचं आहे.

कारण असं. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचं काम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या 'ग्लुटामेट'चं काम दाबते. वर्षानुवर्षं हा दाब सहन करता करता मेंदू आपली उत्तेजना वाढवून समतोल साधतो. दारू अचानक काढली की ब्रेक जातो आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. शेवटच्या ग्लासानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न लागणं सुरू होतं. झटके, म्हणजे फिट्स, बहुतेकदा पहिल्या ४८ तासांत येतात. दोन ते चार दिवसांदरम्यान काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: कुठे आहोत ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी जोरात पळते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो.

सकाळी उतारा लागत असेल, पूर्वी सोडताना फिट आली असेल किंवा भास झाले असतील, बरेच महिने रोज पिणं चालू असेल, वय जास्त असेल किंवा यकृत, हृदय, फिट्सचा आजार असेल, तर डॉक्टर भेटेपर्यंत एकदम बंद करू नका. एक-दोन दिवसांत वेळ घ्या, तोवर प्रमाण वाढू देऊ नका, एकटे राहू नका. आणि सोडल्यानंतर फिट, गोंधळ, भास, ताप किंवा रक्ताची उलटी यातलं काहीही झालं तर वाट न बघता रुग्णालयात.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. सोडलं-धरलं, सोडलं-धरलं असं वारंवार झालं की दर खेपेला सुटण्याचा त्रास वाढू शकतो. "मागच्या वेळी घरीच निभावलं होतं" हा भरवसा म्हणूनच धरू नये.

कुणाला सांगायचं, आणि नेमकं काय

सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. मोजणं एकट्यानं होतं, यासाठी दुसरा माणूस लागतो.

पहिल्यांदा सांगायला सगळ्यात जवळचा माणूस निवडायलाच हवा, असं नाही. ज्यानं वर्षानुवर्षं भोगलंय, त्याला हे ऐकताना स्वतःचं दुखणं आवरता येत नाही, आणि ते रास्तही आहे. पहिला श्रोता असा हवा जो ऐकून पळणार नाही, गावभर करणार नाही, "एवढं काही नाही रे" म्हणून उडवून लावणार नाही, आणि स्वतः तुमच्याबरोबर पिणारा नसेल. मोठी बहीण, जुना मित्र, सोडून बसलेला एखादा ओळखीचा, फॅमिली डॉक्टर. पिण्याच्या बैठकीतल्या दोस्ताला सांगू नका. तो प्रेमानं का होईना, पण सोडण्यापासून थांबवेल.

वेळ सकाळची ठेवा, किंवा पिऊन नसाल अशी कुठलीही. प्यायल्यावर दिलेली कबुली दुसऱ्या दिवशी मागे घेता येते, ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. समोरासमोर जमत नसेल तर आधी मेसेज करा: "एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. दहा मिनिटं मधे न बोलता ऐकशील?"

मग काय बोलायचं? मी माझ्या बहिणीला जे सांगितलं ते जवळपास शब्दशः देतो, कारण हवे तेव्हा शब्द सापडत नाहीत:

"ताई, मी रोज पितो. संध्याकाळी सहापासून. साधारण साडेतीनशे मिली. गेली सहा वर्षं. सकाळी दोन पेग घेतल्याशिवाय माझा हात चालत नाही. एक बाटली गाडीच्या स्टेपनीखाली असते, एक माळ्यावर बॅगेत. मी तीनदा सोडायचा प्रयत्न केला, जास्तीत जास्त अकरा दिवस टिकलो. मला एकट्याला हे थांबवता येत नाही. गुरुवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील का?"

यात "माफ कर" कुठेच नाही. मुलांची शपथ नाही, "यापुढे कधीच" नाही. आकडे आहेत, जागा आहेत, आणि शेवटी एक विनंती आहे, वारासकट. ती विनंती फार मोलाची. ऐकणाऱ्याला लगेच करण्यासारखं काहीतरी मिळतं, आणि तुमची पळवाट बंद होते, कारण गुरुवारी कुणीतरी दाराशी येणार असतं. लपवायच्या जागा सांगताना माझी जीभ सर्वांत जास्त अडखळली. पण त्या सांगितल्या आणि त्या बाटल्या माझ्या एकट्याच्या राहिल्या नाहीत.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अकरा दिवस कधी टिकला होतास? मला कळलंच नाही." मला ओरडा अपेक्षित होता. तिला पहिल्यांदाच काहीतरी विचारण्यासारखं सापडलं होतं.

काही घरांत ऐकणारा चिडेल, रडेल, उठून जाईल. तरी कबुली वाया जात नाही. दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. पण कोणीही ऐकलं नाही म्हणून प्यायलो, असं मात्र करू नका.

डॉक्टरांसमोर

वही घेऊन जा आणि आकडा कमी करून सांगू नका. औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरतो. अर्धं सांगितलं तर औषधही अर्धंच मिळतं आणि फिटचा धोका राहतो. मानसोपचारतज्ज्ञ असतील तर उत्तम, पण सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांकडेही करता येते. इतर औषधं, झोपेच्या गोळ्या, वेदनाशामकं, सगळं सांगा. मन खचलेलं असेल, जगू नये असं वाटत असेल तर तेही त्याच दिवशी सांगा. दारू आणि नैराश्य बऱ्याचदा हातात हात घालून येतात, आणि दोन्हींवर उपचार आहेत.

सुटण्याच्या दिवसांसाठी साधारणपणे डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं काही दिवस, रोज कमी करत नेऊन देतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, आणि त्यांच्यावर दारू अजिबात नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, बरेचदा इंजेक्शननं देतात. फार काळ पिणाऱ्यांच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि त्याच्या अभावी स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

पुढे टिकण्यासाठी तीन औषधांची नावं कानावर येतील. नाल्ट्रेक्सोननं पिण्यातली मजा आणि तलफ कमी होते. अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर ते चालत नाही. अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची आतली अस्वस्थता शमवायला मदत करतं; मूत्रपिंडाची तपासणी करून देतात. तिसरं डायसल्फिराम. डेन्मार्कमध्ये १९४०च्या दशकात त्याचा हा उपयोग लक्षात आला. ते घेतलेलं असताना दारू प्यायली की अल्कोहोलपासून तयार होणारं असिटाल्डिहाइड रक्तात साठतं: चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

घरच्यांसाठी इथे कळकळीनं लिहितो. ही डायसल्फिरामची गोळी पिणाऱ्याला न सांगता जेवणात मिसळून देऊ नका. त्याला काहीच माहीत नसताना तो नेहमीसारखा पिईल, आणि हृदय कमजोर असेल तर घरातच अनर्थ होईल. शिवाय ज्या दिवशी कळेल, त्या दिवसापासून घरातल्या कुठल्याच ताटावर त्याचा विश्वास राहणार नाही.

पहिले पंधरा दिवस

डॉक्टरांनी तारीख दिली की घर रिकामं करा. सांगितलेल्या जागांवरच्या बाटल्या दुसऱ्या माणसानं काढायच्या, तुम्ही नाही. ग्लास, ओपनर, "पाहुण्यांसाठी" ठेवलेली चांगली बाटली, सगळं बाहेर. पैसे, कार्ड काही दिवस विश्वासाच्या माणसाकडे. पिण्याची जी वेळ होती तिच्यासाठी आधीच दुसरं काही ठरवून ठेवा आणि ते घराबाहेर असू द्या.

झोप वाईट असेल. काही जणांची काही आठवड्यांतच सुधारते, काहींना महिने लागतात. गोड खावंसं वाटेल, खाऊ द्या. चिडचिड होईल, आणि ती घरच्यांना आधीच सांगून ठेवलेली बरी. कामाच्या ठिकाणी, लग्नाकार्यात "का घेत नाहीस?" विचारलं तर "डॉक्टरांनी बंद केलीय" एवढंच पुरे. ते खरंही आहे. ही कबुली जगाला द्यायची नसते, निवडक माणसांना द्यायची असते.

एकट्यानं सोडता येतं का?

काही जणांना येतं. मला आलं नाही.

१९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याचं काम फसल्यामुळे हॉटेलात अडकला होता. दारू सोडून काही महिने झाले होते. लॉबीच्या एका टोकाला बार. तो बारकडे न जाता फोनकडे गेला आणि पिण्याशी झगडणारं कुणी बोलायला मिळेल का, म्हणून शोधाशोध करत राहिला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक भेटले. दोघं तासन् तास बोलले, आणि डॉ. बॉब यांनी शेवटचं पिणं केलं ती १० जून १९३५ ही तारीख अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेचा स्थापना दिवस मानतात. बिलनं त्या फोनवर कुणाला सुधारायला घेतलं नव्हतं. स्वतः न पिता ती संध्याकाळ काढण्यासाठी त्याला दुसरा पिणारा हवा होता.

एएच्या मीटिंगला फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, अट एकच: पिणं थांबवायची इच्छा. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीत गप्प बसलात तरी चालतं. मी चार मीटिंग तसाच बसलो होतो. पाचव्या वेळी एका माणसानं गाडीतल्या बाटलीची गोष्ट सांगितली, ती माझीच होती. त्यानंतर मी बोललो. स्पॉन्सर, म्हणजे आधी सोडून बसलेला अनुभवी सोबती, मिळाला तर त्याचा नंबर फोनमध्ये सर्वांत वर ठेवा. तिथला आध्यात्मिक सूर पटत नसेल तर व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक किंवा दुसरे गट आहेत. माझं म्हणणं इतकंच, की जिथे खोटं बोलल्यावर ओळखू येतं अशी एक तरी खोली आठवड्यातून एकदा हवी. घरच्यांसाठी १९५१ पासून ॲल-ॲनॉन हा वेगळा गट आहे. तुम्ही सोडा किंवा न सोडा, त्यांनी तिथे जावं.

तलफ आली की

तलफ लाटेसारखी चढते, माथ्यावर येते आणि ओसरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी लाटेवर स्वार होण्याची ही उपमा उपचारात रुजवली. तिच्याशी कुस्ती खेळायची नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. घड्याळ लावा, वीस मिनिटं. शरीरात ती कुठे जाणवते ते बघा: घशात, जबड्यात, तळहातात. काहीतरी खा, पाणी प्या, बाहेर पडा, फोन करा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपैकी काय आहे ते तपासा; बरेचदा एक तरी सापडतं, आणि त्याचा इलाज दारूहून सोपा असतो. "आयुष्यभर नाही प्यायची" हा विचार पेलत नाही. आजचा दिवस पेलतो, कधी कधी पुढचा एक तास.

सावध राहायचे दिवस वाईटच असतात असं नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तब्येत सुधारते, चेहऱ्यावर तेज येतं, लोक कौतुक करतात आणि मनात येतं: आता मला जमतंय, एखादा घ्यायला काय हरकत आहे? हे मनात आलं की त्याच दिवशी कुणाला तरी बोलून दाखवा. तोंडातून बाहेर पडलं की त्यातला दम जातो.

पाय घसरला तर

सगळ्यांचा घसरतो असं नाही, पण पुष्कळांचा घसरतो. माझा सातव्या महिन्यात घसरला. एका ग्लासानं जेवढं बिघडवलं, त्याहून जास्त त्यानंतरच्या विचारानं बिघडवलं: "गेलंच सगळं, आता पूर्ण पिऊ." मारलॅट यांच्या कामात याच मनोवस्थेवर भर आहे, एका चुकीला संपूर्ण हार मानलं की ती पूर्ण घसरण होते. एक धोका शरीराचाही आहे. इतके महिने न प्यायल्यानं सहनशक्ती कमी झालेली असते, जुनं प्रमाण आता झेपत नाही. आणि काही दिवस सलग पिणं झालं असेल, तर पुन्हा बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

घरच्यांसमोर त्या वेळी जुनी माफी ओठावर येईल. ती आवरा. नुकसानभरपाई, तुटलेली नाती, उसने पैसे या गोष्टींना वेळ येईल, काही महिने न पिता काढल्यावर, शुद्धीत, एकेका माणसाशी. त्या रात्री करायचं काम लहान आहे. उरलेली बाटली दुसऱ्याच्या हवाली करा. वही काढा, नवीन पान उलटा आणि पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं तसंच लिहा: वेळ, किती मिली, सोबत कोण, मनात काय होतं. मग ज्याला पहिल्यांदा सांगितलं होतं त्याला फोन लावा आणि तो आकडा वाचून दाखवा, झोपण्याआधी.

माझा त्या रात्रीचा आकडा १२० होता. ताईनं तो लिहून घेतला आणि विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता येऊ?"